कुत्रा गेला आणि डॉक्टरवर शंका आहे? मग रडतारडताच ही कामं करून घ्या

आधी आमचं काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं मी का इतकं ठासून सांगतेय ते कळेल. आमची भुरी साडेतीन वर्षांची, इंडी म्हणजे देशी कुत्री, पावसात सोसायटीच्या गेटखाली सापडलेली, वजन १७ किलो. तिचं स्पेचं, म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन करायचं होतं. सकाळी नऊला क्लिनिकमध्ये सोडली, दुपारी फोन आला की ऑपरेशन मस्त झालं, रात्री इथेच ठेवू, सकाळी घेऊन जा. मी व्हॉट्सअॅपवर विचारलं रात्री कुणी असतं ना, तर उत्तर आलं, "हो मॅडम, २४ तास स्टाफ असतो." पहाटे पावणेसहाला फोन वाजला तेव्हाच पोटात गोळा आला. गेलो तर ती स्टीलच्या टेबलावर, अंगाखाली वर्तमानपत्र, हिरड्या पांढऱ्याफटक, पोट टम्म. तो २४ तासांचा स्टाफ म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा, तोच बिचारा रडत होता, म्हणाला तीन वाजल्यापासून धापत होती, सरांना दोनदा फोन लावला, उचलला नाही.

आणि मग आम्ही काय केलं? तिला चादरीत गुंडाळलं, गाडीत घातलं आणि सासवडला मामाच्या शेतात चिंचेखाली पुरलं. मीठ घातलं, झेंडू वाहिला, आई तर खाली बसून रडत होती. नऊ वाजता सगळं आटपलं होतं. तिच्याबरोबर आमचा पुरावाही तिथेच पुरला हे कळायला मला तीन आठवडे लागले, जेव्हा एका वकील मैत्रिणीने पहिलाच प्रश्न विचारला की पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट कुठाय.

म्हणून हे सगळं लिहितेय. उदाहरणं पुण्याची आणि महाराष्ट्राची आहेत, पण कायदे देशभर तेच.

पहिले काही तास

पोस्टमॉर्टेम करायचं की नाही हा निर्णय तुम्हाला त्याच सकाळी घ्यावा लागतो, नंतर विचार करून सांगते असं चालत नाही. आपल्याकडच्या उन्हात बॉडी काही तासांत खराब व्हायला लागते, आतले अवयव तर त्याआधीच, आणि मग तपासणाऱ्यालाही काही सांगता येत नाही. शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी, फार तर २४ तासांच्या आत नेलं पाहिजे. तोपर्यंत गार ठेवायची पण गोठवायची नाही, फ्रीझरमध्ये अजिबात नको, बर्फ झाला की पेशी फुटतात आणि मायक्रोस्कोपखाली बघण्यासारखं फारसं उरत नाही. बर्फाच्या पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळून पोटाला आणि बगलेत लावा, खाली प्लॅस्टिक घाला, एसी लावा. पायातली सलाईनची सुई असेल तशीच राहू द्या, टाके तसेच, पट्टी तशीच. आपल्याला वाटतं पोरीला स्वच्छ करू, आंघोळ घालू, तेवढं त्या दिवशी मन मारून टाळा.

हलवायच्या आधी फोटो. हिरड्या, डोळे, टाके, पोट, सुई टोचल्याच्या जागा, पिंजरा, पिंजऱ्यावर लटकवलेला कागद, बाजूला पडलेल्या औषधांच्या बाटल्या आणि त्यावरचा बॅच नंबर. माझ्याकडे हिरड्यांचा एकच फोटो आहे, तोही दादाने काढलेला, मी त्याच्यावर ओरडले होते की काय फोटो काढतोस अशा वेळी. पुढे तोच एक फोटो कामाला आला.

पीएम कुठे? ज्या डॉक्टरवर शंका आहे त्याच्याकडे किंवा त्याने सुचवलेल्या मित्राकडे नाही, हे सांगायला नको. सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजांमध्ये पॅथॉलॉजीचा, म्हणजे विकृतिशास्त्राचा विभाग असतो. मुंबईकरांना परळचं कॉलेज आहे, विदर्भात नागपूर, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर, आणि पुणे-साताऱ्याच्या लोकांना शिरवळ. ही सगळी कॉलेजं नागपूरच्या माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग पण आहे. गाडी काढायच्या आधी फोन करा, कारण कुठे मालकाचा साधा अर्ज चालतो, कुठे पोलिसांचं पत्र मागतात, आणि रविवार, सुट्टी, दुपारनंतरची वेळ यात दिवस वाया जातो. अर्जात "ऑपरेशननंतर १५ तासांत मृत्यू, उपचाराबाबत शंका" असं स्पष्ट लिहा, त्यांना काय शोधायचं ते कळलं पाहिजे. विषबाधा वाटत असेल तर आधीच सांगा, कारण त्याचे नमुने वेगळ्या पद्धतीने घेऊन फॉरेन्सिक लॅबला जातात. आणि हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या तपासणीसाठी, अवयवांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवाल का असं स्वतःहून विचारा. शेवटी रिपोर्ट लेखी, सही-शिक्क्यासह.

घरच्यांचा विरोध होतो, माहितेय. "गेलेल्या जीवाची आणखी चिरफाड कशाला" हे आमच्याकडेही कुणीतरी म्हणालंच असतं. त्यांना एवढंच सांगा की पीएम झाल्यावर बॉडी बहुतेक ठिकाणी परत मागता येते, मग चिंचेखाली नेता येतंच. तशी ती हवी असेल तर आत देतानाच सांगून ठेवा.

कागद

हे पण त्याच दिवशी, जमलं तर क्लिनिकमधून बाहेर पडायच्या आधी. भांडू नका. मला माहितेय की हात शिवशिवतात, पण आरडाओरडा झाला, काच फुटली की दुसऱ्या दिवशी तक्रारदार तुम्ही नाही, डॉक्टर असतात. शांतपणे सांगा, "आम्हाला तिचे सगळे पेपर्स हवेत, झेरॉक्स द्या किंवा फोटो काढू द्या."

काय काय मागायचं: केस पेपर, तुम्ही सही केलेला संमतीचा फॉर्म, ऑपरेशनआधीचे रक्ताचे रिपोर्ट, भूल दिल्याची नोंद म्हणजे कुठलं औषध, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती धरून, ॲडमिट असतानाचा चार्ट, बिल, आणि मृत्यूचं कारण लिहिलेला कागद. यातलं निम्मं तरी "नाही" असं उत्तर येईल. ते "नाही" पण लेखी घ्या. म्हणजे घरी आल्यावर लगेच व्हॉट्सअॅप आणि ईमेल दोन्हीवर साधा मेसेज टाका:

"डॉक्टर, आमची भुरी आज पहाटे तुमच्या क्लिनिकमध्ये गेली. तिचा केस पेपर, भुलीची नोंद, रात्री ८ ते सकाळी ६ चा चार्ट, रक्ताचे रिपोर्ट, संमतीपत्र आणि बिल यांच्या प्रती कृपया द्या. तसंच काल सकाळपासूनचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं ही विनंती."

मेसेज एवढाच. शिव्या नाहीत, इमोजी नाही, शाप तर अजिबात नाही. सीसीटीव्हीचं वाक्य विसरू नका, कारण डीव्हीआरवर काही दिवसांत जुनं पुसून नवीन चढतं, आणि तुम्ही लेखी मागूनही पुसलं गेलं तर त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. आठवड्यात कागद आले नाहीत तर हेच पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह. पावती जपा.

रक्त बाहेरच्या लॅबला गेलं असेल तर रिपोर्ट थेट लॅबकडून घ्या, त्यांच्या सिस्टीममध्ये तारीख-वेळेसकट असतो. मी तसंच केलं आणि कळलं की भुरीच्या नावाने त्या आठवड्यात एकही सॅम्पल गेलेलं नव्हतं, तिकडे बिलात मात्र "प्री-ॲनेस्थेटिक प्रोफाइल" (भुलीआधीची रक्ततपासणी) असा मोठा शब्द आणि त्यापुढे ₹१,४००. बिलच दिलं नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट किंवा बँक स्टेटमेंट चालतं, पैसे दिले एवढं सिद्ध झालं पाहिजे. आणि कुत्रा तुमचाच होता हे पण, गंमत वाटेल पण समोरचा वकील तेही विचारू शकतो. लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचं श्वान लायसन्स, ब्रीडवाला असेल तर केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर्स, मायक्रोचिपचा नंबर, हे सगळं एका फाइलमध्ये.

मग त्याच रात्री, झोप लागणार नाहीच आहे, एक वही घ्या आणि वेळेनुसार सगळं लिहून काढा. कधी सोडलं, कोण भेटलं, काय शब्द वापरले, फोन किती वाजता, कॉल लॉगमधून बघून मिनिटासकट. महिन्याभराने तुम्हाला स्वतःलाच शंका येते की तो पोरगा तीन म्हणाला की चार. व्हॉट्सअॅप चॅट एक्सपोर्ट करून ईमेलला पाठवून ठेवा आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, जुन्या कायद्यात ते ६५-ब होतं, आणि त्यासाठी मूळ डिव्हाइस कुठलं ते सांगावं लागतं.

आता स्वतःला एक कठीण प्रश्न

कुत्रा डॉक्टरकडे मेला म्हणजे डॉक्टरनेच मारला असं नसतं. हे लिहिताना मला आजही जड जातं. गोचीड ताप, म्हणजे एर्लिकिया किंवा बबेसिया, झालेला कुत्रा प्लेटलेट्स पार खाली गेल्यावर आणला तर उत्तम डॉक्टरच्या हातूनही जातो. लहान पिल्लू पार्व्हो या विषाणूच्या आजारात जातं. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फिरलं, म्हणजे जठराला पीळ पडला, तर काही तासांचा खेळ असतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल नेहमीच जास्त धोक्याची. यात कुणाचाच गुन्हा नसू शकतो आणि अशा केसमध्ये तक्रार करून तुम्ही एका चांगल्या माणसाला दोन वर्षं छळाल.

सुप्रीम कोर्टाने माणसांच्या डॉक्टरांबाबत २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात जी फूटपट्टी सांगितली तीच साधारण इथेही लावली जाते. त्या क्षेत्रातला सर्वसाधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली का, एवढंच बघतात. निदान चुकलं, उपचारांच्या दोन पद्धतींपैकी दुसरी निवडली, निकाल वाईट लागला, नुसतं एवढ्यावर निष्काळजीपणा ठरत नाही.

भुरीचंच बघा. मला नंतर एका दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की पांढऱ्या हिरड्या आणि फुगलेलं पोट म्हणजे बहुतेक आत रक्तस्राव, ओव्हरीच्या रक्तवाहिनीला मारलेली गाठ सैल झाली असेल, ती या ऑपरेशनमधली माहितीतली गुंतागुंत आहे आणि चांगल्या सर्जनकडेही कधीतरी होते. मग म्हणाले, "पण ती हळूहळू होते. कुणी दर तासाला हिरड्या बघितल्या असत्या तर रात्रीच कळलं असतं, पुन्हा उघडून बांधता आलं असतं." गाठ सुटली हे दुर्दैव समजू. रात्रभर कुणी डॉक्टर नव्हता आणि २४ तास स्टाफ आहे असं सांगितलं, ही माझी तक्रार. हा फरक कळला त्या दिवशी माझा सात पानी अर्ज दीड पानाचा झाला.

तर तुमची तक्रार पण अशी गाळून घ्या. न तपासताच भूल दिली का? वजन न करता डोस दिला का? संमती न घेता दुसरंच ऑपरेशन केलं का? मुदत संपलेलं औषध दिलं? कंपाउंडरने इंजेक्शन दिलं? बिघडल्यावर तुम्हाला कळवलं नाही, दुसरीकडे न्या म्हणून सांगितलं नाही? जे केलं नाही किंवा खोटं सांगितलं ते कागदावर दाखवता येतं. "लक्ष दिलं नाही", "उद्धट बोलले", "पैशाचे लोभी" हे दाखवता येत नाही, सोडून द्या.

"स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहिलेल्या फॉर्मवर सही केली म्हणून आपले हात बांधले गेले असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. ती सही भुलीचे, ऑपरेशनचे नेहमीचे धोके मान्य असल्याची असते, हलगर्जीपणाला परवानगी दिल्याची नाही.

दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळवणं अवघड, कारण सगळे एकमेकांना ओळखतात, कॉलेजमध्ये एकाच बॅचचे, नाहीतर ज्युनिअर-सीनिअर. "त्यांचं चुकलं का?" असं विचारलंत की दार बंद. "अशा ऑपरेशननंतर पहिल्या १२ तासांत साधारण काय काय बघतात?" असं विचारा आणि तेवढंच लेटरहेडवर लिहून देता का म्हणा. रिटायर्ड प्रोफेसर मंडळी यात जास्त मोकळी असतात. ग्राहक आयोगात प्रत्येक केसला एक्सपर्ट लागतोच असंही नाही, २०१० च्या व्ही. किशन राव निकालात सुप्रीम कोर्टाने ते म्हटलंय, पण असला तर केस उभी राहते, नसला तर तुमच्या कागदांवरच सगळा भार.

तक्रार नेमकी कुठे

डॉक्टरच्या लायसन्सचा प्रश्न असेल तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद, ती नागपूरला आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ खाली प्रत्येक पशुवैद्यकाची नोंदणी असते, आणि १९९२ चे आचारसंहितेचे नियम आहेत. सगळ्यात आधी रजिस्टरमध्ये नाव आहे का ते तपासा, प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक असतो, नसेल तर तिथूनच सुरुवात. त्या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे नोंदणी नसलेल्याला प्रॅक्टिस करता येत नाही, डिप्लोमावाल्यांना सरकारने ठरवलेल्या किरकोळ सेवा देता येतात, तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. गावाकडे आणि हल्ली शहरातल्या पेट शॉपमध्येसुद्धा "डॉक्टर" म्हणून वावरणारा माणूस प्रत्यक्षात कोण आहे ते बघितल्यावर कधीकधी सगळी केसच बदलते.

परिषद चौकशी करते, डॉक्टरला म्हणणं मांडायची संधी देते, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर नाव रजिस्टरमधून काढण्यापर्यंत जाऊ शकते. तुम्हाला भरपाई मात्र देत नाही, तो तिचा विषयच नाही. अर्ज रजिस्ट्रारच्या नावे, सोबत कागदांच्या प्रती आणि जमलं तर प्रतिज्ञापत्र, स्पीड पोस्टने. दोन-तीन महिन्यांनी काय झालं ते कळलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, ₹१० फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर आजपर्यंत काय कारवाई झाली, त्याच्या टिपणीची प्रत द्यावी", एवढंच विचारायचं, "न्याय कधी मिळणार" असलं काही नाही.

पैसे परत आणि भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे लोक उगाच घाबरतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, डॉक्टर कुठेही असो. दिलेल्या पैशांची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मागितलेल्या भरपाईवर हे ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं, म्हणजे आपण बहुतेक सगळे फुकटात बसतो. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. मुदत घटनेपासून २ वर्षं. लांब वाटतात पण पहिले काही महिने नुसतं फोटो बघण्यात जातात, अनुभवाने सांगते.

आधी १५ दिवसांची नोटीस पाठवा. सक्ती नाही, पण कितीतरी प्रकरणं तिथेच मिटतात, आणि डॉक्टरचं लेखी उत्तर आलं तर ते सोन्याहून पिवळं. आमच्या नोटिशीला उत्तर आलं त्यात लिहिलं होतं की पालकांनी सूचना देऊनही प्राण्याला उपाशी ठेवलं नाही. मी चॅट उघडलं. सकाळी ६.१० चा माझा मेसेज, "डॉक्टर, हिने चुकून दोन मारी बिस्किटं खाल्ली, आज करायचं का पुढे ढकलू?" त्याखाली त्यांचा एक अंगठा, बास. त्या अंगठ्याची कलर प्रिंट काढून मी फाइलला लावली.

तक्रारीत विरुद्ध पक्ष म्हणून ऑपरेशन करणारा डॉक्टर आणि क्लिनिकचा मालक दोघांनाही घाला, नाहीतर नंतर "तो व्हिजिटिंग होता" असं ऐकावं लागतं. भाषा कशी असावी? पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "या नराधमांनी आमच्या बाळाचा खून केला." मैत्रिणीने लाल पेन घेतला. शेवटी गेलं ते असं: "दि. … रोजी रात्री ९ ते पहाटे ५.४५ या वेळेत प्राण्याजवळ एकही नोंदणीकृत पशुवैद्यक हजर नव्हता. तक्रारदारास मात्र २४ तास स्टाफ असल्याचं लेखी कळवण्यात आलं होतं (परिशिष्ट ४)." प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक परिशिष्ट. ज्या वाक्याला परिशिष्ट नाही ते वाक्य जरा दोनदा बघा.

तक्रार दाखल करून घेतली की समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५, त्यापुढे मुदत वाढत नाही हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. तारखांना स्वतः जा, न गेल्यास केस निघून जाऊ शकते.

भरपाईचा अंदाज जमिनीवर ठेवा. कायद्याच्या नजरेत कुत्रा ही तुमची मालमत्ता, वाचायला कसंसंच होतं पण आहे तसं आहे. म्हणून उपचाराचा खर्च, कुत्र्याची किंमत असेल तर ती, मानसिक त्रास आणि केसचा खर्च, असे वेगवेगळे आकडे मागा आणि प्रत्येकाला आधार द्या. पन्नास लाख मागितले की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजनही कमी होतं. आमच्या केसमध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीने आयोगाने मध्यस्थीला पाठवलं आणि तिथे मिटलं. ऑपरेशनचे आणि त्या न झालेल्या रक्ततपासणीचे मिळून ₹९,५०० परत, आणि एका कागदावर लेखी की त्या रात्री डॉक्टर हजर नव्हते आणि यापुढे ॲडमिट करताना हे आधी सांगितलं जाईल. पीएम असता तर मी मिटवलं नसतं. नव्हता.

सरकारी दवाखान्यात घडलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सेवा मोफत किंवा नुसता केस पेपरचा नाममात्र खर्च असतो, आणि १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून सगळ्यांनाच मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्याबाहेर आहे. तिथे जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात तक्रार, सोबत आपले सरकार पोर्टल, आणि लायसन्ससाठी परिषद आहेच. ट्रस्टच्या हॉस्पिटलात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट करतात असं असेल तर फुकटवाल्यालाही ग्राहक म्हणून जाता येतं, हे त्याच निकालात आहे.

पोलीस? सगळ्यांना पहिल्यांदा तेच सुचतं, "एफआयआर ठोका." भारतीय न्याय संहितेत कलम ३२५ आहे, प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं, पण त्यात हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते, हलगर्जीपणा पुरत नाही. आणि निष्काळजीपणाची जी कलमं आहेत ती माणसाच्या जिवासाठी आहेत, एका अपघाताच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने कुत्र्याला ती लागू होत नाहीत असं म्हणून एफआयआर रद्दच केला होता. तेव्हा पोलिसात जायचं ते बोगस डॉक्टर असेल तर, मारहाण किंवा क्रूरता असेल तर, किंवा पीएमसाठी पत्र हवं असेल तर. बाकी वेळी अदखलपात्र नोंद करून घरी पाठवतात आणि तुमचा दिवस जातो.

गूगल रिव्ह्यू आणि सोसायटीचा ग्रुप

लिहा, पण सिद्ध करता येईल तेवढंच. "रात्री डॉक्टर नव्हता" चालेल, "खुनी", "कसाई" नको, बदनामीचा दावा तुमच्यावरच येतो आणि मग तुमची केस बाजूला राहून त्याच्या तारखा करत बसाल. डॉक्टरच्या घरचा पत्ता, बायकोचा नंबर, मुलीचा फोटो असलं काही कुणी ग्रुपवर टाकलं तर तुम्हीच काढायला सांगा. आमच्या ग्रुपवर एका काकांनी क्लिनिकवर मोर्चा काढायचा बेत केला होता, मेणबत्त्यासुद्धा आणल्या, त्यांना थांबवताना मला जास्त घाम फुटला.

फाइलचं शेवटचं. आयोगाला, प्रत्येक विरुद्ध पक्षाला आणि तुम्हाला स्वतःला पुरतील एवढे सेट करा. सगळ्या पानांना नंबर, वर अनुक्रमणिका, प्रत्येक झेरॉक्सवर तुमची सही. आणि केस चालू असेपर्यंत त्या क्लिनिकचा नंबर ब्लॉक करू नका, काहीही डिलीट करू नका. भुरी गेल्यावर आठ महिन्यांनी मी बसमध्ये असताना क्लिनिकच्या सिस्टीममधून आपोआप मेसेज आला, "प्रिय पालक, भुरीचं रेबीज बूस्टर ड्यू आहे, आजच अपॉइंटमेंट घ्या." स्वारगेटपर्यंत मला काही दिसलं नाही. मग उतरून कोपऱ्यात उभी राहिले आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढला, कारण त्यांच्या वकिलाने उत्तरात लिहिलं होतं की ही व्यक्ती आमची नियमित ग्राहक नाही. परिशिष्ट ११.